ईश्वराचा सातबारा

बेंगळूरच्या जुन्या किल्ल्यालगतचे चामराजपेट हे १८९२ साली आखून वसविलेले उपनगर होय. म्हैसूरच्या चामराज वडेयरांचे नाव त्याला मिळाले. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू, संस्कृत महाविद्यालय, सेंट ल्यूकच्या नावाचे चर्च आणि ईदगाह मैदान ही सारी येथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये या मैदानावर गणेशोत्सव साजरा व्हावा की नाही, आणि मुळात मैदान कोणाच्या मालकीचे, हा वाद विकोपास गेला. वक्फ मंडळ एका बाजूला आणि शासन दुसऱ्या बाजूला उभे राहिले. ३० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने जागेची स्थिती आहे तशीच ठेवण्याचा आदेश दिला. त्या वादाचा निवाडा करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे. जमिनीची मालकी कागदपत्रांवरून ठरते, आणि ती तशीच ठरावी. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात तसा काही उतारा प्रत्येक जमिनीला असतो. त्यावर एकाचे नाव चढले की दुसऱ्याचे उतरते.

चिंतेची बाब वेगळीच आहे. जमिनीच्या दाव्याची हीच भाषा कल्पनांच्या इतिहासात शिरली आहे, आणि ती तेथे पूर्णतः गैरलागू आहे. ‘ईश्वर एक आहे, तो स्वयंसिद्ध आहे, त्याच्या ठायी अंश नाहीत, बाकी सर्व काही त्याच्यामुळे आहे’ हा विचार कोणाचा? ख्रिस्ती म्हणतो, आमचा. मुसलमान म्हणतो, आमचा. आणि मराठी साहित्याचा सामान्य अभ्यासक म्हणतो, दोघांचाही असू दे, आमचा तर नव्हेच. या तिन्ही दाव्यांत एक गृहीतक समान आहे. विचाराला एकच मालक असतो, असे तिघेही धरून चालतात. मध्ययुगीन ख्रिस्ती ईश्वरविचाराचा इतिहास हे गृहीतक टिकू देत नाही. आणि त्या इतिहासाचे एक टोक थेट मराठी भाषेत, गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या एका ग्रंथात येऊन पोहोचते, याकडे मराठीचे दुर्लक्ष झाले आहे.

मुळापासून पाहावयाचे तर प्रश्न ग्रीकांपासून सुरू होतो. ॲरिस्टॉटलच्या ईश्वराला जगातील गतीचा उलगडा करावयाचा होता. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला हलविणारे काही असते. ही साखळी अनंतापर्यंत ओढता येत नाही. म्हणून स्वतः न हलता इतरांना हलविणारे एक आद्य तत्त्व मानावे लागते. परंतु हे जग मुळात आहेच का, नसते तर काय बिघडले असते, हा प्रश्न ॲरिस्टॉटलला पडलेला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने जग अनादी होते, आणि जे अनादीच आहे त्याच्या असण्याचे कारण विचारण्याची गरज त्याला भासली नाही.

हा प्रश्न त्याच्या संपूर्ण धारेनिशी मांडला तो बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीनाने (९८०–१०३७). वैद्यकातील त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण ‘किताब अल्-शिफा’ या विशाल ग्रंथातील अध्यात्मशास्त्राच्या भागात त्याने केलेला एक भेद वैद्यकापेक्षाही दूरगामी ठरला. कोणत्याही वस्तूविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. मराठीत हा भेद केवळ शब्दक्रम बदलून दाखविता येतो. ‘काय आहे?’ हा एक प्रश्न, ‘आहे काय?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वस्तूचे स्वरूप सांगते, आणि अरबीतील ‘माहिय्या’ ही संज्ञा ‘ते काय आहे’ या प्रश्नावरूनच घडलेली आहे. दुसऱ्याचे उत्तर वस्तूचे अस्तित्व सांगते. त्रिकोण म्हणजे काय हे पूर्णपणे समजलेल्या माणसालाही जगात एखादा त्रिकोण प्रत्यक्ष आहे की नाही, हे त्या समजुतीतून कळत नाही. घराचा नकाशा कितीही बारकाईने काढला तरी त्यातून घर उभे राहत नाही. वस्तूचे ‘काय’ तिला तिचे ‘असणे’ पुरवीत नाही. ते अन्य कोठून तरी यावे लागते.

येथून इब्न सीना पुढचे पाऊल टाकतो. ज्या वस्तू असू शकतात आणि नसूही शकतात, त्यांचे असणे उसने आहे. उसने देणारा स्वतःही उसनवार असेल तर प्रश्न एक पायरी मागे जातो, सुटत नाही. आणि अशा सर्व वस्तूंची साखळी, कितीही लांब असली तरी, एकंदरीत उसनवारच राहते. म्हणून ज्याचे असणे स्वतःचेच आहे, ज्याचे नसणे संभवत नाही, असे एक ‘वाजिब अल्-वुजूद’, म्हणजे अनिवार्य अस्तित्व, मानावे लागते. त्याच्या बाबतीत ‘काय आहे’ आणि ‘आहे’ यांत अंतर उरत नाही. म्हणूनच तो एक, आणि म्हणूनच निरवयव. कारण दोन असते तर त्यांना वेगळे करणारे काही तरी असण्यापलीकडचे त्यांच्यात शिरले असते.

बाराव्या शतकात टोलेडो येथे या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. ते काम गुंडिसाल्वी हा ख्रिस्ती धर्माधिकारी आणि इब्न दाऊद हा ज्यू पंडित यांच्याशी निगडित आहे. एका मुसलमान तत्त्ववेत्त्याचे पुस्तक एका ज्यूच्या मदतीने एक ख्रिस्ती लॅटिनमध्ये आणतो, या एका घटनेसमोर मालकीची सारी भाषा लटकी पडते. पुढे तेराव्या शतकाच्या मध्यास थॉमस ॲक्वायनसने तरुणपणी ‘सत् आणि स्वरूप’ या विषयावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याच्या अगदी आरंभीच इब्न सीनाचे नाव आहे. त्यातही तोच भेद आहे. फक्त त्रिकोणाच्या जागी फिनिक्स पक्षी आला आहे. फिनिक्स म्हणजे काय हे कळूनही तो आहे की नाही हे कळत नाही, असे ॲक्वायनस म्हणतो. ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या त्याच्या महाग्रंथात ईश्वराचे स्वरूप आणि ईश्वराचे अस्तित्व एकच आहे, हा सिद्धान्त ईश्वराच्या निरवयवत्वाच्या प्रकरणात केंद्रस्थानी येतो. ‘निर्गम’ या ग्रंथात ईश्वराने मोशेला सांगितलेले ‘जो आहे तो’ या अर्थाचे नाव ईश्वराला सर्वांत उचित आहे, असेही ॲक्वायनस प्रतिपादितो. बायबलमधील एक प्राचीन नाव आणि बुखाऱ्याकडील एक तर्क यांची येथे गाठ पडते. नाव बायबलचे खरे. पण त्या नावात एवढा अर्थ आहे हे सिद्ध करण्याचे साधन अरबीतून आले होते.

हे मान्य करताना अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे, कारण अतिशयोक्ती हे या विषयातील दुसरे मोठे दूषण आहे. पाश्चात्त्य ईश्वरविचार म्हणजे इस्लामकडून उचललेला माल, अशी सोपी मांडणी काही उत्साही मंडळी करतात. ती टिकत नाही. ईश्वराच्या ठायी अंश नाहीत हे ऑगस्टीनने अरबी ग्रंथांचा मागमूसही नसताना सांगितले होते. ॲन्सेल्मने (१०३३–११०९) ईश्वराच्या अस्तित्वाचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद टोलेडोची भाषांतरे होण्यापूर्वी केला. शिवाय ॲक्वायनस हा इब्न सीनाचा पोपट नव्हता. इब्न सीनाच्या मते ईश्वरापासून विश्व अपरिहार्यपणे, पायरीपायरीने निःसृत होते. ॲक्वायनसचा ईश्वर आपल्या इच्छेने सृष्टी निर्माण करतो, आणि ती न निर्माण करण्यासही तो मुक्त आहे. इब्न सीनाच्या मते ईश्वर विशिष्ट वस्तूंना सामान्य रूपाने जाणतो. ॲक्वायनसच्या मते तो प्रत्येक व्यक्तीला व्यक्ती म्हणूनच जाणतो. प्रभाव म्हणजे शरणागती नव्हे. ज्याच्याशी इतक्या नेमकेपणाने मतभेद होतो, त्याचे म्हणणे मनात किती खोल उतरलेले असले पाहिजे, हाच प्रभावाचा खरा पुरावा आहे.

आणि या मतभेदातही एक गंमत दडलेली आहे. हेच दोन आक्षेप इब्न सीनावर सर्वप्रथम कडाडून घेतले ते कोणा ख्रिस्ती पंडिताने नव्हे, तर अबू हामिद अल्-गझालीने (१०५८–११११). त्याच्या ‘तहाफुत’ या ग्रंथात तत्त्वज्ञांच्या वीस मतांचे खंडन आहे, आणि त्यांतील तीन मते, म्हणजे विश्वाचे अनादित्व, ईश्वराला विशिष्ट वस्तूंचे ज्ञान नसणे आणि देहाच्या पुनरुत्थानाचा नकार, ही त्याने थेट धर्मबाह्य ठरविली. म्हणजे ‘मुसलमान विचार’ नावाची एकसंध वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती. लॅटिन जगाने मात्र गझालीचा जो ग्रंथ वाचला तो होता ‘मकासिद’, म्हणजे खंडनापूर्वी विरोधकांच्या मतांचा घेतलेला आढावा. त्याची भूमिका सांगणारी प्रस्तावना बहुतेक लॅटिन वाचकांपर्यंत पोहोचली नाही. परिणामी कित्येक पिढ्या युरोपच्या विद्यापीठांत गझाली हा इब्न सीनाचा अनुयायी समजला गेला. विचारांचा प्रवास हा असा असतो. त्यात देणगी असते, वाद असतो, आणि गैरसमजही असतो. वारसाहक्क मात्र नसतो.

ईश्वराच्या गुणांविषयीचा वादही याच वाटेने गेला. ईश्वर ज्ञानी आहे, समर्थ आहे, असे म्हणताना ज्ञान आणि सामर्थ्य हे त्याच्याहून वेगळे काही मानावयाचे काय? वेगळे मानले तर एकत्व भंगते. न मानले तर शब्द पोकळ होतात. मुअतझिली आणि अशअरी या पंथांनी या प्रश्नावर शतकभर झुंज दिली. कोर्दोबात जन्मलेल्या आणि अरबी भाषेत लिहिणाऱ्या मायमोनिडीज या ज्यू तत्त्ववेत्त्याने (मृत्यू १२०४) तो वाद टोकाला नेला: ईश्वराविषयी तो काय नाही एवढेच सांगता येते. ॲक्वायनस ‘सुम्मा’मध्ये या मताचा ‘रब्बी मोझेस’ असा नामोल्लेख करून त्याला नकार देतो. ‘ईश्वर चांगला आहे’ या वाक्याचा अर्थ ‘ईश्वर वाईट नाही’ एवढाच नसून त्यात अधिक काही आहे, असे तो म्हणतो. म्हणजे ज्या प्रश्नाला ख्रिस्ती पंडिताने उत्तर दिले, तो प्रश्न बगदाद आणि बसऱ्याच्या वादसभांत घडला होता आणि एका ज्यूच्या हातून त्याच्यापर्यंत आला होता.

मराठी वाचकाला येथे ‘अमृतानुभवा’च्या पाचव्या प्रकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे ब्रह्माचे वर्णन करीत नाहीत. असत्, जड आणि दुःख यांचे निवारण करून ती स्वतःही मावळतात, असा तेथील आशय. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा मानतात, आणि ॲक्वायनसचा मृत्यू १२७४ चा. तेव्हा कालाचे सान्निध्यही आहे. परंतु या साम्यावरून ‘हे आमच्याकडे होतेच’ असा जो निष्कर्ष हटकून काढला जातो, तोही सातबाऱ्याच्याच मनोवृत्तीचा आहे. साम्य म्हणजे संबंध नव्हे. ज्ञानदेव वेगळ्या परंपरेतून, वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत त्या जागी पोहोचले. अल्-शिफा आणि ‘सुम्मा’ यांच्यात भाषांतराचा, नामोल्लेखाचा आणि खंडनाचा लेखी दुवा आहे. ‘अमृतानुभव’ आणि मायमोनिडीज यांच्यात तो नाही. जेथे दुवा आहे तेथे तो नाकारू नये, आणि जेथे नाही तेथे तो जोडू नये. अभ्यासाची शिस्त याहून वेगळी नाही.

दुवा नाकारणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. १८८३ मध्ये पॅरिसला सोरबॉन येथे दिलेल्या व्याख्यानात रनाँने इस्लाम आणि विज्ञान यांत मूलतः विरोध असल्याचे मांडले, आणि अरबी तत्त्वज्ञानाचे श्रेय अरबांकडून काढून घेण्याचा खटाटोप केला. २००८ मध्ये सिल्व्हेन गुगेनहाइम या फ्रेंच इतिहासकाराने तोच सूर वेगळ्या पद्धतीने लावला. व्हेनिसच्या जेम्सने बाराव्या शतकात ॲरिस्टॉटलचे ग्रंथ ग्रीकमधून थेट लॅटिनमध्ये आणले होते. तेव्हा युरोपला अरबी मध्यस्थाची गरज नव्हतीच, असा त्याचा रोख. फ्रान्समध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला.

या युक्तिवादातील माहिती खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. जेम्सची भाषांतरे होती, आणि ती महत्त्वाचीही होती. परंतु वाद ॲरिस्टॉटलची प्रत कोणी आणली याचा नाही. ॲरिस्टॉटलच्या प्रतीत जो प्रश्न नव्हताच, तो कोणी विचारला याचा आहे. ‘काय आहे’ आणि ‘आहे काय’ यांतील भेदातून ईश्वराचे अनिवार्यत्व सिद्ध करण्याची रीत कोणत्याही ग्रीक हस्तलिखितातून जशीच्या तशी मिळाली नसती. अरबी तत्त्वज्ञांना टपालवाहक समजणारा आणि त्या टपालवाहकाची गरज नव्हती असे म्हणणारा, असे दोघेही एकाच चुकीचे धनी आहेत. ते लोक टपाल वाहून नेत नव्हते, ते पत्रे लिहीत होते. आणि ज्यांना या यशाचे श्रेय एका धर्माच्या खात्यावर जमा करावयाचे आहे, त्यांनी बगदादकडेही पाहावे. ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारा सर्वश्रेष्ठ भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता. फाराबीचा शिष्य याह्या इब्न अदी हाही ख्रिस्ती होता, आणि त्याने त्रैक्याच्या सिद्धान्ताचे समर्थन अरबी भाषेत, ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राच्या आधारे केले.

त्रैक्याचा उल्लेख आला की सर्वांत गंभीर आक्षेप समोर येतो. ख्रिस्ती ईश्वर म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. इस्लामला तो सिद्धान्त सर्वथा अमान्य. मग जेथे मुळातच नकार आहे तेथे प्रभाव कसला? या आक्षेपाचे उत्तर ॲक्वायनसच्याच रचनेत आहे. ईश्वर आहे, तो एक आहे, हे बुद्धीला स्वबळावर गाठता येते. त्रैक्य आणि अवतार मात्र प्रकटीकरणाशिवाय कळत नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. ‘सुम्मा’मध्ये एकेश्वराचे विवेचन आधी येते, त्रैक्याचे नंतर. इब्न सीनाशी संवाद आहे तो पहिल्या खंडात, दुसऱ्यात नाही. त्रैक्य ही भेदाची रेषा आहे, आणि ती पुसणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ती जेथे सुरू होते, तेथवरची बरीच वाट दोघांनी एकाच नकाशाने चालली आहे, हे लपविणेही तितकेच अप्रामाणिकपणाचे आहे.

ही वाट निर्वेध नव्हती, हेही विसरता कामा नये. कोर्दोबाच्या इब्न रुश्दला (११२६–११९८) लॅटिन जगात केवळ ‘भाष्यकार’ म्हणून ओळखत. त्याच्या मतांनी पॅरिसचे विद्यापीठ ढवळून निघाले. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए याने २१९ विधाने निषिद्ध ठरविली. ॲक्वायनस वारल्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. निषिद्ध विधानांपैकी काही त्याच्याही शिकवणुकीच्या अगदी जवळची होती. त्यानंतर १३२३ मध्ये ॲक्वायनसला संतपद मिळाले, आणि १५६७ मध्ये त्याची चर्चच्या आचार्यांत गणना झाली. एका पिढीला ज्याचा दर्प परका वाटला, तेच पुढच्या पिढ्यांचे सनातन मत झाले. ‘शुद्ध परंपरा’ म्हणून जी मिरविली जाते, ती बहुधा अशीच कालची परकी असते.

येथवरचा इतिहास मराठी वाचकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण तो मराठीच्या दारात येऊन उभा आहे. १५४९ मध्ये इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स रोममध्ये येशूसंघात दाखल झाला, आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला. सासष्टीत त्याने उर्वरित आयुष्य घालविले. १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले; जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत आहे. येशूसंघाच्या १५९९ च्या अभ्यासक्रम-संहितेने ईश्वरविद्येच्या अध्यापनात ॲक्वायनसला प्रमाण मानले होते. ज्या संघाच्या शिक्षणाची पायाभरणी ‘सुम्मा’वर झाली, त्या संघाच्या पाद्र्याने मराठी ओवीत सर्वसमर्थ, स्वर्ग-पृथ्वीचा कर्ता असा परमेश्वर आरंभीच वंदिला.

स्टीफन्सने इब्न सीना वाचला होता काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याची गरज नाही. ‘ख्रिस्तपुराण’ ही कथा आहे, शास्त्रग्रंथ नव्हे. त्यात तर्काच्या पायऱ्या शोधू नयेत. परंतु कर्ता आणि कृती यांच्यामध्ये जी अभेद्य रेषा त्या पुराणात आहे, म्हणजे एकाचे असणे स्वतःचे आणि बाकी सर्वांचे दिलेले, तिच्या श्रद्धेचा उगम बायबलमध्ये असला तरी तिची तात्त्विक तटबंदी तेराव्या शतकात उभी राहिली, आणि त्या तटबंदीचे दगड कोठल्या खाणीतले होते ते वर सांगितले आहे. ज्ञानेश्वरीच्या छंदात, वैकुंठासारखा शब्द स्वर्गासाठी योजून, रोमहून आलेला एक इंग्रज जे सांगतो, त्यात टोलेडो आहे आणि बुखाराही आहे.

मराठीने या ग्रंथाचे काय केले? त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या वेचल्या, त्या गौरवाने उद्धृत केल्या, आणि उरलेले पुराण धर्मप्रसाराचे साधन म्हणून मिटून ठेवले. परक्याने आपल्या भाषेची तारीफ केली याचा आनंद झाला. तो त्या भाषेत काय म्हणत होता, हे ऐकण्याची निकड मात्र भासली नाही. धर्मप्रसाराचा मुद्दा खोटा नाही. ज्या गोव्यात हे पुराण छापले गेले, तेथे देवळे पाडली गेली होती, आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते. ते सत्य पुराणाच्या प्रत्येक ओवीमागे उभे आहे, आणि वाचकाने ते दृष्टीआड करू नये. पण सत्तेचा इतिहास सांगितला म्हणजे विचाराचा इतिहास सांगून होत नाही. ज्याचा प्रतिवाद करावयाचा त्याचेही म्हणणे आधी पूर्ण वाचावे लागते. गझालीने इब्न सीनाच्या बाबतीत नेमके हेच केले होते.

ही शिस्त मराठीला परकी नाही. स्टीफन्स गोव्यात उतरला तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. त्यांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघे जण ईश्वराच्या स्वरूपावरूनच भांडतात, एकमेकांच्या कल्पनांतील विसंगती उघड्या पाडतात, आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. ते आलिंगन वादाच्या शेवटी येते, वाद टाळून येत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहून या वाटेवर दिवे लावून ठेवले. असे असता एकनाथ एका कपाटात, शेख महंमद दुसऱ्यात आणि स्टीफन्स तिसऱ्यात, अशी जी विभागणी अभ्यासक्रमांत आणि ग्रंथालयांत रूढ झाली आहे, तिला विद्वत्तेचा आधार नाही. तिला फक्त सवयीचा आधार आहे.

या विभागणीविरुद्ध साक्ष देण्यास चामराजपेटइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल. शेजारच्या किल्ल्याचे बेंगळूर १६३८ नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडून शहाजीराजांकडे आले. एका मुसलमान सुलतानाच्या सेवेतील मराठा सरदाराच्या कन्नड मुलुखातील दरबारात जयराम पिंड्ये यांच्यासारखा कवी संस्कृतात ‘राधामाधवविलासचंपू’ रचत होता आणि त्यात अनेक भाषांतील कवित्व गुंफीत होता, वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये संपादून मराठी जगापुढे ठेवला. आणि स्टीफन्सच्या पुराणाचे नेल्सन फाल्काव यांनी केलेले इंग्रजी भाषांतरही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले ते याच बेंगळूर शहरातून.

तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्याने ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला अवस्वर वाचताना भाषास्तुतीपाशी थांबू नये, त्याच्या मागेपुढे जो परमेश्वर वर्णिला आहे, तो एकनाथांच्या तुर्काच्या ईश्वराशी कोठे जुळतो आणि कोठे फारकत घेतो, हे ताडून पाहावे. ग्रंथपालाने त्याची नोंद ख्रिस्ती साहित्याबरोबरच मध्ययुगीन तत्त्वज्ञानाखालीही करावी. एवढे केल्याने कोणाचा धर्म बुडत नाही आणि कोणाची भाषा बाटत नाही. मैदानाची मोजणी साखळी टाकून करता येते, हद्दीचे दगड रोवता येतात, उताऱ्यावर नाव चढविता येते. आणि तेथे ते करावेच लागते. ‘आहे काय?’ या प्रश्नाची मोजणी अद्याप कोणालाही करता आलेली नाही. तो बुखाऱ्यात विचारला गेला, पॅरिसमध्ये विचारला गेला, आणि चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत त्याचे एक उत्तर दिले गेले. ते उत्तर पटो वा न पटो, ते आता मराठीचेही आहे. आणि जे आपले आहे ते न वाचण्याची सबब कोणत्याही साहित्याला शोभत नाही.